कॅबिनेट क्रमांक त्रेचाळीस

वीज ही माणसांच्या सोयीसाठी असते, असा एक भाबडा समज समाजात रूढ आहे. आमच्या डेटा सेंटरात तो पहिल्याच दिवशी दूर केला जातो.

आमच्याकडे बेचाळीस कॅबिनेटं आहेत. कॅबिनेट म्हणजे सर्व्हर ठेवायचं पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट. (कपाट म्हटलेलं साहेबांना खपत नाही.) प्रत्येकाला वीज दोन वाटांनी येते. एक गेली तर दुसरी, दुसरीही गेली तर बॅटऱ्या, त्या संपायच्या आत जनरेटर. हवा बावीस अंश, ना कमी ना जास्त. इतक्या मायेनं मला स्वतःचं मूलही सांभाळता आलेलं नाही.

ते मूल तळमजल्यावर, कर्मचाऱ्यांच्या पाळणाघरात असतं. मुलं सात, खिडकी एक, वीज एकाच वाटेची आणि तीही मर्जीची. माझा दोन वर्षांचा आहे. त्याची छाती भरते. दुपारी दोनला मशीनवर औषधाची वाफ द्यावी लागते. गेल्या महिन्यात नेमकी दोनलाच वीज चारदा गेली.

मी कॅबिनेट निवड समितीची सचिव. भीत भीत विषय काढला.

"दोन वाटा फक्त कॅबिनेटला, मॅडम. नियम आहे," साहेब म्हणाले.

"मग पाळणाघरालाच कॅबिनेट म्हणा की!" वायरमनकाका म्हणाले.

काकांनी थट्टा केली होती. पण मी ती इतिवृत्तात लिहिली, आणि इतिवृत्त आमच्याकडे न वाचता मंजूर होतं.

अशा रीतीने पाळणाघर कॅबिनेट क्रमांक त्रेचाळीस झालं. रीतसर तपासणी झाली. उष्णता: प्रतिनग भरपूर. आवाज: मर्यादेबाहेर, बंद करण्याची कळ आढळली नाही. आत द्रवपदार्थ नसावा, या अटीवर दोन बैठका खर्ची पडल्या. ("मी सांगून बघते त्यांना," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या.) कॅबिनेटातल्या रिकाम्या खणांना थंड हवा वाया जाऊ नये म्हणून पत्रा लावतात, त्यानुसार गैरहजर मुलाच्या गादीवर पत्रा ठेवायचं ठरलं.

मग चाचणी. यंत्र चालू असतानाच एक वाट तोडून बघायची, असा नियम. बरोबर दोनला, लेकराच्या तोंडावर मास्क असताना, काकांनी खटका पाडला. मशीन घरघरतच राहिलं.

"सोड आता श्वास, पोरी," काका म्हणाले. "पास झालं तुझं कपाट."

पुढचे पाच आठवडे लेकरू दुपारभर शांत झोपलं, मशीन दिवसातून दहा मिनिटंच लागायचं. इथेच घात झाला. वापराच्या तक्त्यात त्रेचाळीसपुढे 'नगण्य' असा शेरा आला. त्याच सुमारास जाळीच्या दाराचं एक नवं, देखणं कॅबिनेट आलं आणि त्याला दुसरी वाट हवी होती. जास्त भार त्याला वीज, हे तत्त्व निर्विवाद आहे. त्रेचाळीसची दुसरी वाट काढून त्याला द्यायचा ठराव एकमताने झाला. लिहिला मीच, माझं अक्षर चांगलं आहे.

"काय आहे हो त्यात एवढं?" मी काकांना विचारलं.

"लोकांचे फोटो. एकच फूल, सतरा वेळा. शिवाय चुकून निघालेला स्वतःचा अंगठा."

अंगठा कोणाचा, ते गोपनीय असल्यामुळे सांगता येत नाही. तुम्ही तो पुन्हा कधी उघडून पाहणार नाही, हेही आमच्याकडे नोंदलेलं आहे. तरीही निश्चिंत असा. आज दुपारी दोनला वीज गेली, तरी तुमच्या अंगठ्याला काही होणार नाही.