आयर्लंडची बहीण

करी रोडच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा आटोपली, शिरा वाटून झाला, आणि पडदा म्हणून बांधलेल्या चादरीवर संतपटातल्या संतांऐवजी एक डुक्कर धावत आलं.

"शिवा, मेल्या, ह्यां काय?" पहिल्या रांगेतून सुंदराबाई ओरडल्या.

मशीनवाल्या शिवाने फिल्मचा डबा उलटसुलट करून पाहिला. "डबा बदलला वाटतं. आयर्लंडातल्या खेड्याचा जुना बोलपट आहे. विनोदी."

लोक पाट-चटया उचलू लागले. तेवढ्यात अप्पा उठले. संयुक्त महाराष्ट्र समितीचे ते चाळीतले पुढारी.

"आयर्लंड? इंग्रजांना पुरून उरलेली माणसं ती! बसा खाली सगळे. हेमचंद्र, तुम्ही मॅट्रिक ना? मराठीत सांगत चला."

हेमचंद्र चादरीशेजारी जाऊन उभा राहिला. अप्पांच्या मुलीला, शेवंतीला, मागणी घालायला म्हणून तो आज आला होता. 'जमणार नाही' म्हणायची सोय नव्हती. आणि पडद्यावरची माणसं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलत होती.

"हा म्हातारा म्हणतोय... आमचं गाव आम्हाला मिळालंच पाहिजे!" त्याने ठोकून दिलं.

"झालाच पाहिजे!" मागून आरोळी आली. टाळ्या पडल्या.

मग एका तरुणाने एका तरुणीचा हात धरला आणि दोघं शेतातून पळत सुटली. बायकांनी पदर तोंडाला लावले. अप्पा खाकरले. "ही कोण?"

"बहीण!" हेमचंद्र घाईघाईने म्हणाला. "सभेला निघालेत."

मंडळी निवांत झाली. पण थोड्याच वेळात ती दोघं पाद्र्यापुढे उभी राहिली आणि तरुणाने तिच्या बोटात अंगठी घातली.

"अगो बाई! भैणीशी लगीन?"

"सख्खी नाही, सुंदराबाई. मानलेली."

"मानलेली झाली तरी भैण ती भैणच!"

"म्हणजे... ही ती नाहीच. तिची जुळी."

"मग जुळी त्याची भैण नाय तर कोणाची रे, माझी?"

चाळ उसळली. "बंद कर मशीन!" "नको, डुक्कर बघू दे!" दाराआड शेवंती हसून हसून खाली बसली होती.

अप्पांनी हेमचंद्राला दंड धरून जिन्यापाशी नेलं.

"एक शब्द तरी कळला?"

"नाही."

"सगळं मनातलं?"

"सगळं."

"उद्या नरेपार्कच्या मैदानात सभा आहे. आमच्या वक्त्यांना पोलिसांनी सकाळीच पकडलं," अप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "न थांबता बोलणारा माणूस मिळत नव्हता. उद्या तुम्ही उभे राहा."

"पण अप्पा, मी शेवंतीविषयी..."

"कळलं मला. माणूस पसंत आहे." अप्पांनी त्याची कॉलर सरळ केली. "बाकीचं तुम्ही सुटून आल्यावर बोलू."