आबांचं आपोआप

मे महिन्यात जळगावात दुपारची लाईट जाते. ती आली की आमच्या कॉलनीत "आली!" अशी एकच आरोळी उठते आणि सगळे कूलरकडे धावतात. एक माणूस सोडून. आमचे शेजारी दगाजी आबा धावतात कॉम्प्युटरकडे.

बनियनवर, घामाने निथळत, हात पाठीमागे बांधून ते पडद्यासमोर उभे राहतात. नुसते उभे. आरतीला राहावं तसे. एकदा मी मदत म्हणून माउसकडे हात नेला, तर मनगटावर सणसणीत फटका बसला.

"हात लावू नको! बठ्ठं आपोआप उठाले जोयजे!"

सगळं आपोआप उठलं पाहिजे, हा आबांचा धर्म. आबा मूळचे धुळ्याकडचे. सारी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. निवृत्त झाले, वर्षभरात त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, गेल्या आणि घरात आबा एकटे उरले. मुलगी वर्षा बेंगळुरूला. "चला माझ्याकडे," म्हणून तिने खूप आळवलं. आबा म्हणाले, "तिथे मना जीव लागत नाही." मग तिने त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून दिला. इथलं मशीन आणि तिचा लॅपटॉप त्याने जोडलेले राहतात आणि आबांचं मशीन चालू असलं की तिच्या आणि इथल्याही पडद्यावर एक हिरवा ठिपका दिसतो. "ठिपका दिसला की मला समजतं, तुम्ही बरे आहात," ती म्हणाली.

आता झाली पंचाईत! लाईट गेली की ठिपका गायब. लाईट आली की मशीन उठायचं, पण हा प्रोग्राम उठायचा नाही. की वर्षाचा फोन, घाबरलेला. "आबा! काय झालं? बरे आहात ना?" बिचारी ऑफिसातली मीटिंग सोडून बाहेर यायची.

तेव्हापासून आबा त्या प्रोग्रामच्या सेटिंगमागे लागले. मशीन सुरू झाल्यावर त्याने कसं वागायचं, याचे तिथे पर्याय असतात: ऑटोमॅटिक, म्हणजे आपला आपण उठेल. मॅन्युअल, म्हणजे कोणी उठवलं तर उठेल. आणि डिसेबल्ड, म्हणजे उठवलं तरी उठणार नाही. एवढं ज्ञान हाती येताच आबांनी सगळी कॉलनी त्यात बसवली. कोपऱ्यावरचा किराणावाला ऑटोमॅटिक. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी डिसेबल्ड. मी मॅन्युअल. माझ्या बायकोला हे इतकं पटलं की ती हल्ली मला उठवताना नाव घेतच नाही, "मॅन्युअल, चहा झालाय," म्हणते.

जामनेरला एका साखरपुड्याच्या बैठकीत मुलीच्या बापाने आबांचं मत विचारलं. आबा भर पंगतीत म्हणाले, "पोरगा चांगला शे. पण मॅन्युअल शे. आज बाप हाक मारतो, उद्या तुमच्या पोरीला मारावी लागेल." लग्न झालं. आबांना आमंत्रण नव्हतं.

तर हा प्रोग्राम ऑटोमॅटिक करूनही उठेना. आबा दिवसचे दिवस पडद्यासमोर. जेवायला बोलवावं तर "आलो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. शेवटी एका दुपारी कुंपणावरून ओरडले, "सापडला रे चोर!" मी धावलो.

"अरे, हा घाईचा पाहुणा शे," आबा म्हणाले. "राउटर अजून डोळे चोळतोय, तेवढ्यात हा दार वाजवतो. कोणी उघडत नाही. मग हा रुसून झोपतो तो झोपतोच."

"मग?"

"मग त्याला सांगायचं, बाबा रे, जरा दमानं. त्याचाही पर्याय शे! ऑटोमॅटिक, पण उशिराने!"

पुढच्या वेळी लाईट गेली, आली, आणि कोणी हात न लावता ठिपका हिरवा झाला. आबांनी कॉलनीभर पेढे वाटले. कशाचे, ते कोणालाच कळलं नाही. आबा फक्त म्हणायचे, "उठलं!" समोरच्या काकूंनी आपल्या मनाने ठरवलं की आबांकडचं कोणीतरी आजारातून उठलं, आणि देवापुढे दिवा लावला.

नंतर आबा जरा गप्प झाले. लाईट जायची, यायची. आबा पडद्यासमोर उभे राहायचे, ठिपका यायचा, आबा मान डोलवायचे. झालं. एक दिवस मला म्हणाले, "मला जरा फोन लाव रे. वाजतो का बघू."

मी लावला. टेबलावरचा फोन खणखणीत वाजला.

"वाजतो," आबा म्हणाले, आणि कूलर लावायला निघून गेले.

परवा दुपारी लाईट आली तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. मशीन उठलं. राउटर उठला. ठिपका मात्र येईना. मी आबांचाच शिष्य, झटकन सेटिंग उघडलं. पाहतो तर मॅन्युअल!

"आबा, हे कोणी बदललं?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. "राहू दे."

"अहो, पण वर्षा घाबरेल."

"हां. मग फोन करेल."

मी म्हणालो, "एवढंच असेल तर मी सांगतो तिला. रोज करेल फोन."

"नको. मी सांगायचं आणि तिने करायचा, त्यात काय शे?"

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. आबांनी खुंटीवरचा शर्ट ओढला, अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि मला हातानेच दाराकडे खूण केली. मी अंगणात आलो. खिडकी उघडीच होती, आणि आबा फोनवर पहिल्यापासूनच ओरडून बोलतात.

"हां बेटा, बराय, बराय मी. तो ठिपका गेला का? मला काही समजत नाही बुवा त्यातलं. तू सांग, मी करतो... कुठलं बटण म्हणते? डावीकडचं? ... हळू सांग... तुझी मीटिंग नाही ना? ... बरं, थांब, ठेवू नको. जरा चष्मा शोधतो."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. आबा खुर्चीत टेकून बसले, डोळे मिटले, आणि फोन कानाशी घट्ट धरून बराच वेळ चष्मा शोधत राहिले.