आधी पंचनामा, मग घटना

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका मुलांनो, विचारणाऱ्याचं नाव तिथे लिहून घेतात) झिपरेश्वर नावाचं अस्वल राज्य करत होतं. प्रजेने त्याला निवडून दिलं होतं. म्हणजे एकदा. त्यानंतर त्याने प्रजेला तो त्रास होऊ दिला नाही.

निवडणुकीची रीत साधी होती. जंगलाच्या मधोमध एक जुना उंबर होता आणि उंबराला मोठी ढोली होती. राजा हवा असेल त्याने ढोलीत पळसाचं पान टाकायचं, नको असेल त्याने वडाचं. झिपरेश्वर निवडून आला त्या खेपेला जंगलात चारशे प्राणी होते आणि ढोलीत नऊशे पानं निघाली. प्राणी कुजबुजायला लागले.

"मेलेल्यांनीही मला प्रेमाने मतं दिली," झिपरेश्वर म्हणाला. "मेलेला प्राणी जातो कुठे? इथल्याच मातीत. म्हणजे तो इथला रहिवासी झाला. त्याचं मत धरायला नको?"

आणि त्याने तसा कायदाच करून टाकला. मग ढोलीच्या तोंडावर एक धोंडा लोटला, त्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' असं लिहिलं आणि राज्य करायला बसला. दर पाच उन्हाळ्यांनी निवडणूक व्हायची होती. बारा उन्हाळे गेले. दुरुस्ती चालूच होती.

या राज्याच्या पोलीस ठाण्यात काटेकर नावाचे एक हवालदार होते. जातीने साळिंदर. अंगावर काटे आणि स्वभावाने मऊ. पंचनामे लिहायचं काम त्यांच्याकडे असे. पाठीचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायला बसायचं. सरकारकडून लेखणी मिळावी म्हणून त्यांनी नऊ अर्ज केले होते. ते अर्जही स्वतःच्याच काट्याने लिहिले होते.

आता त्या ठाण्याची एक पद्धत सांगतो. आपल्याकडे आधी घटना घडते आणि मग पंचनामा होतो. त्यांच्याकडे आधी पंचनामा व्हायचा. फौजदार घुरघुरे यांचं म्हणणं असं, की घटना घडल्यावर सगळी घाई होते आणि घाईगडबडीत एखाद्याच्या हातून खरं लिहिलं जातं. त्यापेक्षा आदल्या दिवशी शांतपणे बसून लिहावं. पंच म्हणून पाच पोपट ठरलेले होते. काहीही वाचून दाखवलं की ते "आमच्यासमक्ष, आमच्यासमक्ष" म्हणत आणि कागदावर चोच उमटवत. शिवाय सरकारी पंचनामा खोटा म्हणणं हा राजद्रोह होता. त्यामुळे आजवर एकही पंचनामा खोटा निघाला नव्हता.

एकदा प्राण्यांनी ठरवलं की उद्या सकाळी उंबराखाली बसायचं. धोंडा हलवा, एवढंच मागायचं. ओरडायचं नाही, धावायचं नाही. प्रत्येकाने तोंडात एक पान धरून गप्प बसायचं. ही कल्पना कासवगुरुजींची. त्यांनी जंगलातल्या तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली होती आणि घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

घुरघुरे फौजदार रानडुक्कर होते. ते दुपारी काटेकरांच्या टेबलाशी आले.

"काटेकर, उद्याचं झालं का लिहून?"

"झालं साहेब." काटेकरांनी वाचून दाखवलं. "जमावाने चिथावणीखोर घोषणा दिल्या. धारदार हत्यारांनी हल्ला करून बारा शिपायांना जखमी केले. नाइलाजाने सौम्य मुसंडी मारण्यात आली. जमाव पांगला. पळापळीत पाय घसरून एक जण दगावला."

"एकच ना? बरं दिसतं. नाव?"

"जागा सोडलीय साहेब."

"सोडा, सोडा. उद्या जो पडेल त्याचं घालू." फौजदारांनी खाली सही ठोकली. पोपटांनी चोची उमटवल्या.

संध्याकाळी काटेकर घरी गेले. त्यांची मुलगी सुगंधा वडाची पानं पुसत बसली होती. आई नसलेली पोर, काटेकरांनी एकट्याने वाढवलेली. तिचे काटे अजून पुरते कडक झाले नव्हते.

"एवढी पानं कशाला गं?"

"उद्या लागतील. मी पहिल्या रांगेत आहे, गुरुजींच्या शेजारी."

काटेकरांनी पानांचा ढीग तिच्यापुढून बाजूला सारला. "उद्या तुझं पोट दुखतंय," ते म्हणाले.

"नाही दुखत."

"दुखेल. मी सांगतो ना."

सुगंधाने पान खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही उद्याचं लिहून आलात ना? काय होणार आहे?"

"विशेष काही नाही. एक जण... पाय घसरून."

"कोण?"

"जागा सोडलीय."

"मग ती जागा कुणाची?"

काटेकरांनी बावीस वर्षांत अशा कितीतरी जागा सोडल्या होत्या. त्या कुणाच्या, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. पण लाज वाटून पोर घरी थांबत नाही, आणि सुगंधा थांबली नाही.

सकाळी उंबराखाली साडेतीनशे प्राणी बसले होते. ससे, भेकरं, खारी, एक म्हातारी घोरपड. सगळ्यांच्या तोंडात पानं. इतकी शांतता होती की उंबरं गळताना ऐकू येत होती. काटेकर पंचनामा काखेत मारून कडेला उभे होते. त्यांची नजर पहिल्या रांगेवरून हलत नव्हती.

"तीन वेळा इशारा देतो," फौजदार म्हणाले. "एकदोनतीन." आणि शिट्टी वाजली.

शिपाईही रानडुकरंच, आणि त्यांना मान खाली घालून, डोळे मिटून, सरळ रेषेत धावायचं शिक्षण होतं. डोळे मिटले की पुढे साक्ष द्यायला काही दिसलेलं नसतं. तसे ते धावले. ससे उडून काटेरी झुडपांत पडले. एका भेकराचा पाय मोडला. गुरुजींच्या पाठीवर एक सुळा आदळला आणि पाठ मडक्यासारखी तडकली. कुणीही हात उगारला नाही. गुरुजींनी मान आत घेतली, जरा वेळाने बाहेर काढली, पडलेलं पान उचललं आणि परत तोंडात धरलं.

मुलांनो, हसू आलं असेल तर इथे थोडं थांबा. त्या पाठीतून रक्त येत होतं.

शिपाई मागे वळले. पुन्हा माना खाली, पुन्हा डोळे बंद. या वेळी रेषा सुगंधाच्या अंगावरून जात होती.

काटेकरांनी काय केलं ते त्यांचं त्यांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. पंचनामा दातांत धरून ते धावले, मुलीला पोटाखाली घेतलं आणि साळिंदर जे करतं तेच केलं. पाठ फिरवली आणि काटे उभे केले. पळून जावं असं त्यांना फार वाटत होतं. पण पोटाखाली पोर होती.

पहिला शिपाई आला. दुसरा आला. डोळे बंद असल्यामुळे पुढच्याचं काय झालं ते मागच्याला कळेना. एकामागून एक ते काट्यांवर नाकं आपटत गेले आणि असे किंचाळले की डोंगरापलीकडच्या राज्यात दारं लागली. मग सगळे नाकं वर करून, रडत दवाखान्याकडे पळाले. पोपटांनी मोजले. बरोबर बारा.

आरडाओरडा ऐकून झिपरेश्वर महाराज स्वतः आले. त्यांनी पंचनामा मागवला आणि पडताळून पाहिला.

"शिपाई बारा. बरोबर. हत्यार धारदार. बरोबर." त्यांना भरून आलं. "बारा उन्हाळ्यांत पहिल्यांदाच एखादा पंचनामा खरा निघतोय. काटेकर, तुम्हाला पदक."

"महाराज," फौजदार म्हणाले, "काटे यांचेच होते."

"असं? मग अटक करा. पदक लावून अटक करा." महाराज पुढे वाचू लागले. "आणि हा दगावलेला कोण?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. जखमी पुष्कळ होते. दगावलं कुणीच नव्हतं.

"असं कसं?" महाराज म्हणाले. "सगळं जुळलं आणि इथे एक कमी? सरकारी कागद खोटा पडतो का कधी?"

"एका मिनिटाचं काम आहे," फौजदार म्हणाले. मागे उभं राहून शिट्टी वाजवल्यामुळे त्यांचं नाक शाबूत होतं. त्यांनी सुळे झाडले आणि गुरुजींकडे पाहिलं. मग सुगंधाकडे पाहिलं. ती लहान होती, सोपी होती.

काटेकरांच्या पाठीवर एकच काटा उरला होता. त्यांनी तो उपटला. जांभळं जवळ नव्हती, पण उपटलेल्या जागी पुरेसं ओलं झालं होतं. त्यात टोक बुडवून त्यांनी कागदावर, सोडलेल्या जागेत, आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हवालदार काटेकर.'

"आमच्यासमक्ष," पोपट म्हणाले.

फौजदार त्यांना धरायला पुढे झाले. "साहेब," काटेकर नम्रपणे म्हणाले, "मी दगावलोय. मेलेल्याला अटक होत नाही. खाली सही आपलीच आहे."

फौजदारांनी सही पाहिली. त्यांचीच होती. काटेकर मेले नाहीत म्हणावं, तर पंचनामा खोटा. पंचनामा खोटा म्हणावं, तर राजद्रोह. ते तसेच, एक पाय उचललेला ठेवून, उभे राहिले.

झुडपातून एक ससा लंगडत आला. "हवालदारसाहेब," तो म्हणाला, "माझंही घाला की."

"माझं पण," म्हातारी घोरपड म्हणाली. "नाहीतरी आलेच होते जायला."

मग रांगच लागली. काटेकरांनी पुरवणी पंचनामा करायला घेतला. पोपटांचा घसा बसला. ऊन डोक्यावर येईपर्यंत उंबराखाली एकही जिवंत प्राणी उरला नाही. जमाव पांगला, हे वाक्यसुद्धा खरं ठरलं. मेलेले साडेतीनशे जण एकमेकांच्या जखमांवर पाला बांधत आणि खिदळत बसले होते.

"आता महाराज, धोंडा जरा बाजूला करतो," गुरुजी म्हणाले.

"कशाला?" महाराजांनी विचारलं.

"मेलेल्यांना मतदान करायचंय. कायदा आपणच केलाय."

सगळ्यांनी मिळून धोंडा लोटला. मग प्रत्येकाने तोंडातलं पान ढोलीत टाकलं. सुगंधाने पहिलं टाकलं. सगळी वडाची निघाली.

महाराज उंबराखाली बसले. एका हातात पंचनामा, दुसऱ्या हातात वडाची पानं. पंचनामा खरा धरावा तर मतंही खरी, आणि पंचनामा खोटा म्हणावं तर राजद्रोह. म्हणतात, ते अजून तिथेच विचार करत बसले आहेत आणि राज्य तोवर बरं चाललं आहे.

काटेकरांना नवे काटे आले. गुरुजींची पाठ जुळली, भेग मात्र तशीच राहिली. नवीन पोरं बाराखडी शिकायला आली की आधी त्या भेगेवरून बोट फिरवून बघतात, आणि गुरुजी फिरवू देतात.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी आज्ञाधारक राहावं. सरकारी कागदावर कधी शंका घेऊ नये. सरकारने सांगितलं की तुम्ही मेलात, तर बिनतक्रार मरावं, आणि मग सावकाश मतदानाला जावं.