अहमदपूर स्टँडवरची सुट्टी

लातूरच्या लेकीकडे चार दिवस जाऊन आयतं खायचं, असं मनकर्णाबाईंनी ठरवलं. लग्नानंतर त्यांनी नांदेडचं स्वयंपाकघर कधी सोडलं नव्हतं. लेकीला, राजकन्येला, चकित करायचं म्हणून त्यांनी फोन केला नाही आणि अर्ध्या तिकिटात त्या लातूरला पोहोचल्या.

दार जावयाने, बालाजीने उघडलं. "मामी, तुमी इथं? ती तर सकाळीच तुमच्याकडं गेली. दवाखान्यातल्या नोकरीतून मोठ्या मुश्किलीनं रजा भेटली तिला."

"न सांगता?"

"तुमाला चकित करायचं म्हनली. बरं झालं आलात. सकाळपासून चहावरच हाय मी."

मनकर्णाबाईंनी पिशवी ठेवली आणि कणीक मळायला घेतली.

तिकडे नांदेडला राजकन्येने पाय धुतले न धुतले तोच तिचे वडील, निवृत्तीराव, म्हणाले, "आलीस व्हय? लई झणझणीत पिठलं टाक बरं. तुझी आई तुझ्याकडंच गेलीय."

संध्याकाळी मायलेकींचा फोन झाला.

"तू तिथंच थांब, मी सकाळच्या गाडीनं येते," दोघी एकदमच म्हणाल्या. आवाज तुटत होता. दोघींनाही फक्त आपलंच बोलणं ऐकू आलं.

सकाळी अहमदपूरच्या स्टँडवर दोन बस समोरासमोर उभ्या राहिल्या. खिडकीतून मनकर्णाबाईंना समोरच्या खिडकीत लेक दिसली. त्या लगेच पिशवी उचलून खाली उतरल्या. पलीकडून राजकन्याही उतरली. दोन्ही बस निघून गेल्या.

"आता?" राजकन्या म्हणाली. "तुझ्याकडं जायचं का माझ्याकडं?"

"कुनाकडं बी गेलं तरी चूल हायच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बस जरा."

दोघी कँटीनमध्ये पंख्याखाली बसल्या. पोह्यांच्या प्लेटा आल्या, चहा आला, उष्ट्या बशा कुणीतरी उचलून नेल्या. मनकर्णाबाई आत जाणाऱ्या त्या बशांकडे बघत राहिल्या. वाळलेले कपडे काढायचे नव्हते, दूध उतू जात नव्हतं. लोक पैसे भरून कशाला हिंडायला जातात, ते त्यांना आज कळलं.

तेवढ्यात मनकर्णाबाईंना निवृत्तीरावांचा फोन आला. "जावई म्हनले, तू निघालीस. कुठवर आलीस? जेवायची येळ झाली."

"बस बिघडलीय."

"मग मी आपला लातूरला जातो. पोरगी पोचली असंल घरी, करून घालंल."

मनकर्णाबाईंनी समोर बसलेल्या पोरीकडे पाहिलं. "जावा," त्या शांतपणे म्हणाल्या. "सावकाश जावा."

राजकन्येने लगेच नवऱ्याला फोन लावला. "अहो, बाबा येऊन राहिलेत. कुकर लावून ठेवा."

"मला कुठं येतोय कुकर लावायला?"

"बाबांना बी येत न्हाई. दोघं मिळून बघा."

तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. "आई, गरम भजी काढून राहिलेत. सांगू का?"

"सांग," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन् मिरच्या येगळ्या तळून मागव."