सालममिश्रीची चिमूट

"सालममिश्री शिजवायला काय अक्कल लागते?" असं दामाजी वैद्यबुवांना तोंडावर म्हणाला. उभा जन्म कोपरीच्या मिठागरात गेलेला माणूस! खाडीचं पाणी आटवून मीठ काढणाऱ्याला पावशेर दूध आटवता येत नाही होय?

वैद्यबुवांनी पुन्हा बजावलं, "बाबा रे, ही कंदाची पूड दुधात फुगते. चिमूटभरच घाल. आतड्याला लेप बसला की हगवण थांबेल."

चिमूटभर म्हणाले खरे, पण कुणाची चिमूट? मिठानं चिरून सुजून दामाजीची बोटं वांग्यासारखी झालेली. त्याच्या चिमटीत अर्धी पुडी आली. त्यात त्या भाद्रपदात हगवणीनं आळीतली तीन माणसं नेलेली, आणि जनाबाई एकवीस दिवस पोट पाठीला लावून पडलेली. बायको जाणार या धास्तीनं त्यानं आणखी एक चिमूट टाकली. पुडी संपली.

दूध फुगलं, पळी उभी राहिली. एवढं घट्ट औषध म्हणजे गुणही तसाच येणार, म्हणून त्यानं मोठा गोळा जनाबाईच्या तोंडात कोंबला. तिनं एकदा चावला, आणि दात मिटले ते मिटलेच. डोळे तेवढे गरगर फिरू लागले.

"दातखिळी बसली," दामाजी ओरडला. दातखिळी म्हणजे शेवट, हे आळीत शेंबडं पोरही जाणत होतं.

शेजारची ठमाबाई धावत आली आणि तिनं गळाच काढला. तिचा नवरा काळुराम तिरडीचे बांबू बघायला गेला. जनाबाई जीव खाऊन हात हलवत होती. "निरोप घेते बिचारी," म्हणत ठमाबाईनं ते हात तिच्या छातीवर जुळवून ठेवले.

"माझ्याच हातानं गेली गं," दामाजी ढसाढसा रडला.

"रडू नको, दादा. माझी भाची हाय, शकू. कामाला वाघीण. तेरावं होऊ दे, मग बघू."

"आता कसलं बघायचं," दामाजीनं नाक पुसलं. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "भाकऱ्या येतात का तिला?"

तेवढ्यात दातांना चिकटलेला गोळा सुटून जनाबाईच्या घशाखाली उतरला.

"येत असतील," जनाबाई म्हणाली. "पण आधी मला पाणी दे."

ठमाबाई किंचाळत पळाली ती थेट काळुरामच्या बांबूंवर जाऊन आदळली.

हगवण त्याच दिवशी थांबली. पंधरा दिवसांत जनाबाई हिंडूफिरू लागली. पण चुलीकडे ती पुन्हा वळली नाही. त्या घरच्या भाकऱ्या पुढं जन्मभर दामाजीनंच थापल्या, त्याच सुजलेल्या बोटांनी.