पूजेआधी बटण दाबायचं नाही

तयार कॉम्प्युटर विकत आणायचा नाही, घरीच जोडायचा, असं नवनीतने ठरवलं तेव्हा घरातलं कोणीच दचकलं नाही. दचकायला हवं होतं. याच माणसाने मागे मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हापासून त्या मिक्सरमध्ये फक्त बटाटे ठेवतात.

पण यामिनीचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि दोन महिन्यांत नवऱ्याचं सगळंच कौतुकाचं वाटतं. शिवाय कॉम्प्युटर तिच्यासाठीच होता. लग्नाआधी ती शहाद्याला करणसिंग इंजिनिअरांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायची. "नंदुरबारहून काम करता येत असेल तर कर," सर म्हणाले होते, "पण पहिला नकाशा शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडे हवा. रविवारी सकाळी मालक दारात उभा राहणार. नाही जमलं तर मला इथे बसणारं माणूस बघावं लागेल." नकाशा पेन ड्राइव्हमध्ये अर्धा काढून पडला होता. उरलेला अर्धा नवनीतच्या हातात होता, असं म्हणायला हरकत नाही.

नवनीत सुरतेहून सगळे भाग घेऊन आला. रेल्वेत ते खोकं त्याने मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "मुलगा की मुलगी?" (हे तो स्वतःच सांगतो, आणि दर वेळी तितकाच लाजतो.) शनिवारी सकाळी त्याने हॉलमध्ये चादर अंथरली, मोबाइलवर व्हिडिओ लावला, आणि दुपारच्या जेवणापर्यंत कॉम्प्युटर उभा केला. काळी पेटी, बाजूला काच, समोर रुपयाएवढं गोल बटण. यामिनी पुढे सरकली. नवनीतने बोट पुढे केलं.

"थांब रे!" स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई ओरडल्या. "पूजा व्हस नही तोपर्यंत बटनले हात लावानं नही!"

"माय, एकदा चालू करून तर बघू दे."

"तुन्हा बापनं ट्रॅक्टर पूजाशिवाय चालू करं व्हतं का?"

हा मुद्दा बिनतोड होता. दारात उभ्या असलेल्या आबांनी, म्हणजे त्याच बापाने, मान हलवली आणि ते खोकले.

इथे खोकल्याबद्दल थोडं सांगायला हवं. सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, अशी या घरची रीत. सक्ती कोणाची नव्हती, आणि आबाही भले. खोलीत येण्याआधी ते दाराशी खोकून वर्दी देत. यामिनी पदर ओढून घेई, मग आबा आत येत. व्यवस्था उत्तम होती, फक्त ती मिरचीच्या हंगामात चालत नव्हती. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडली की सगळं नंदुरबारच खोकतं. आबा खोकले की शेजारचे, की रस्त्यावरचा रिक्षावाला, काही कळायचं नाही. तेव्हा या दिवसांत यामिनीने पदर खाली घेतला तो घेतलाच. जग तिला पायांपासून गुडघ्यांपर्यंत दिसायचं.

तर पूजा झाली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, काचेवर स्वस्तिक काढलं. नारळ अंगणात फुटला. मग सासू-सुनेने मिळून गुळाचा नैवेद्य चिकटवायचा होता, एक खडा माथ्यावर, एक समोर. यामिनीने पदराआडून, अंदाजाने, आपला खडा माथ्यावर नीट दाबून बसवला. दुसरा सासूबाईंचा. नवनीत मोबाइलवर सगळं शूट करत होता. शूटिंग संपल्यावर त्याने समोरचा खडा उचलून प्रसाद म्हणून तोंडात टाकला, हात जोडले आणि बटण दाबलं.

घरघर झाली! पंखे फिरले! आत लाल, निळे, हिरवे दिवे लागले! रुक्मिणीबाईंनी टाळ्या वाजवल्या, आबा खोकले, यामिनीने पदरातल्या पदरात उडी मारली.

आणि कॉम्प्युटर बंद पडला.

नवनीतने पुन्हा दाबलं. पुन्हा दिवाळी, पुन्हा अंधार. असं चारपाचदा झाल्यावर आबा पुढे झाले.

"डिझेल पोची ऱ्हायना का?"

"आबा, याला डिझेल नसतं."

"मंग हवा धरी लिन्ही व्हई. ट्रॅक्टर बी असाच करे. धुक धुक करे नि बठी जाये."

"आबा, हवा याला लागतेच. आत पंखे आहेत."

"तेच सांगी ऱ्हायनू ना मी!"

नवनीतने मित्राला, भूपेंद्रला फोन लावला. भूपेंद्रचं मोबाइलचं दुकान होतं, आणि आतली डिस्क त्यानेच सगळं भरून तयार करून दिली होती. "रॅम काढ, खोडरबराने पूस, परत लाव," तो म्हणाला. नवनीतने पेटी उघडली. सकाळपासून घरात उडालेली मिरचीची धूळ तोपर्यंत आत जाऊन बसली होती. रॅम पुसून झाल्यावर पेटी उघडी ठेवूनच त्याने बटण दाबलं, आणि पंख्यांनी ती सगळी धूळ त्याच्या तोंडावर परत केली. पुढचा बराच वेळ चौघंही नुसते शिंकत होते. शिंकता शिंकता आबा म्हणाले, "तुले सांगं व्हतं ना, तयार लई ये!"

यामिनी भिंतीशी बसून बघत होती. सगळे वर बघत होते, काचेकडे, दिव्यांकडे. तिला मात्र फक्त खालचंच दिसत होतं, आणि खाली मुंग्यांची रांग चालली होती. माथ्यावरच्या गुळाकडे नाही, सरळ बटणाकडे! मग तिने बटणाकडे नीट लक्ष दिलं. नवनीतने दाबलं की ते आत जायचं, आणि आळशी माणूस अंथरुणातून निघावा तसं हळूहळू बाहेर यायचं. तोवर कॉम्प्युटर बिचारा समजायचा, कोणीतरी बटण दाबून धरलंय, म्हणजे मला बंदच करायचंय.

गूळ! बटणाच्या फटीत गूळ गेला होता!

यामिनीला इतका आनंद झाला की ती जवळजवळ बोललीच. पण समोर आबा होते. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे समोरचा गूळ सासूबाईंचा होता. दोन महिन्यांची सून उठून म्हणणार, तुमच्या नैवेद्याने कॉम्प्युटर बसला? छे. तिने बांगड्या वाजवल्या. नवनीतने वळून पाहिलं. तिने पदराआडून डोळ्यांनी बटण दाखवलं.

"हो, चालेल," नवनीत म्हणाला. "आबांनाही अर्धा कप टाक."

तिने चहा केला. चहा देताना कप मुद्दाम बटणासमोर धरला. नवनीतने कप उचलला आणि प्यायला. (याच माणसाने साखरपुड्यात सांगितलं होतं, तुझ्या मनातलं मला न सांगता कळतं.)

"मुंग्या आल्यात हो आई," शेवटी ती सासूबाईंच्या कानात पुटपुटली.

रुक्मिणीबाईंनी मुंग्यांकडे पाहिलं, यामिनीकडे पाहिलं, आणि काहीशा घाईनेच म्हणाल्या, "काया मुंग्या शेत. लक्ष्मी शे ती, राहू दे." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नजर लागनी व्हई! मी मीठ-मिरच्या लई येस. नवनीत, तू अंगणमा जाय. तुम्ही बी जा वं, तठे बठा जरासा!"

दोघं पुरुष अंगणात गेले, त्या आत गेल्या. हॉल रिकामा! यामिनीने पदर मागे टाकला, वायर काढली, कान साफ करायची काडी कोमट पाण्यात बुडवून पिळली, आणि बटणाच्या कडेने गोल गोल फिरवली. काडी पिवळी झाली. दुसरी फिरवली. तिसरी कोरडी. बटण टक्क आत, टक्क बाहेर! तिने वायर लावली, पदर ओढला आणि भिंतीशी जाऊन बसली, जशी काही जन्मापासून तिथेच होती.

रुक्मिणीबाईंनी मिरच्या उतरवून शेगडीत टाकल्या. घर धुराने भरलं. डोळे पुसत नवनीतने बटण दाबलं.

पंखे, दिवे, आणि या वेळी पडदासुद्धा! निळा, मोठा, लखलखीत!

"देख!" आबा म्हणाले. "हवा निंघी गयी!"

"हवा नही, नजर," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"रॅम," नवनीत म्हणाला.

यामिनी पदराआड हसली. सासूबाईंची लाज आपण राखली, या विचाराने तिचं मन इतकं मोठं झालं होतं की ते पदरात मावत नव्हतं. त्याच उत्साहात ती कामाला बसली आणि दिवेलागणीच्या आत नकाशा पूर्ण करून सरांना पाठवून दिला. घरात जल्लोष झाला. आबांनी भजी मागवली. नवनीत म्हणाला, "आता मोठ्या पडद्यावर पहिला मान पूजेच्या व्हिडिओला!"

सगळे गोळा झाले. पडद्यावर हळदकुंकू आलं, नारळ आला. मग सासूबाईंचा हात दिसला. तो वर गेला आणि त्याने माथ्यावर, अगदी मधोमध, खडा ठेवला. त्यानंतर हिरव्या बांगड्यांचा दुसरा हात आला. वरचा पदर हनुवटीपर्यंत. तो हात चाचपडत चाचपडत पेटीचा माथा शोधत होता, आणि शोधता शोधता त्याने गुळाचा खडा अंगठ्याने नेमका बटणावर चेपला. मग खात्रीसाठी आणखी एकदा चेपला.

नवनीतने व्हिडिओ थांबवला.

"मी तव्हयच देखं व्हतं," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "पन नवी वहू शे, तिले काय बोलानं? म्हनीसन तर सगळासले अंगणमा धाडं."

यामिनीला पदर आणखी खाली ओढायचा होता, पण खाली जागाच उरली नव्हती. आबा खोकले. या वेळी मिरचीने नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी निकाल दिला, "आजपशी घरमा पदर बंद. महागामोलनी वस्तू शे."

तेवढ्यात फोन वाजला. करणसिंग सर होते. यामिनीने फोन कानाला लावला.

"यामिनी, नकाशा वेळेत आला, शाब्बास! काम तुझंच. पुढचा नकाशाही पाठवतो." सर जरा थांबले. "फक्त एक विचारायचं होतं. या स्वयंपाकघरात जायचं कुठून? तू दारच काढलं नाहीस."

यामिनीने पदर मागे सारला आणि दार शोधायला बसली.