रबराच्या झाडाला काय कमी होतं?

पान बघून झाडाला काय कमी आहे ते ओळखणारी बाई त्या काळी अख्ख्या नागभीडात एकच होती, आणि ती म्हणजे मी! ही बढाई नव्हे. बढाई मारायला माझ्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. माझे वडील शेतकी खात्याच्या शेतावर मुकादम होते आणि लहानपणी मी त्यांच्यामागून धानाच्या बांधांवर हिंडत असे. खालचं पान पिवळं पडलं की नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, की लोह कमी. कडा करपल्या की पालाश कमी. पाढे पाठ व्हायच्या आधी मला हे पाठ होतं!

लग्न होऊन मी नागभीडला आले. हे तिथे छोटे स्टेशनमास्तर. जंक्शनवर घर असणं म्हणजे काय, ते ज्याचं असतं त्यालाच कळतं! नागपूरची गाडी यायची, चांद्याची सुटायला वेळ असायचा, आणि मधल्या वेळात जिल्ह्यातले यच्चयावत नातेवाईक "गाडीले टाइम हाय, म्हणून आलो" म्हणत आमच्या क्वार्टरच्या पायरीवर उभे! सासूबाईंचा, म्हणजे गुणाबाईंचा, दंडक असा की आल्यागेल्याला आधी गूळपाणी, मग बोलणं. आमच्या घरचे पितळी पेले इतके घासले जायचे की त्यांच्यावरची नावं पुसली गेली होती.

माझी नणंद इंदू तेव्हा लग्नाची होती. पोरगी गुणी, पण बोलणं कमी. पाहायला येणारे लोक तिला गाणं म्हणायला सांगत, ती गप्प. नाव विचारत, ते तेवढं सांगे. मग चांद्याकडून नाहीतर ब्रह्मपुरीकडून निरोप यायचा, "मुलगी घुमी वाटते!" घुमी म्हणे! अहो, ज्या घरात सासूबाई आणि मी बोलत असू, तिथे तिसऱ्या बाईला जागा कुठे मिळणार?

त्या वर्षी दिवाळीनंतर सिंदेवाहीचं स्थळ आलं. मुलगा पुंडलिक, शाळेत मास्तर. त्याचे वडील बापूजी, शेतकी खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. दोघे गाडीतून उतरले तेव्हा मुलाच्या हातात मोठी मातीची कुंडी आणि कुंडीत तुकतुकीत जाड पानांचं एक झाड. घरात झाड! तेव्हा आमच्याकडे झाडं जंगलात असत, फार तर परसात. बैठकीत झाड ठेवायची कल्पना फक्त साहेबांच्या बंगल्यात.

"हे रबराचं झाड," बापूजी म्हणाले. "आम्ही पोरीले गाणं म्हणाले लावत नाई का चालून दाखव म्हणत नाई. हे झाड बैठकीत ठेवा, पोरीनं सांभाळावं. होळी झाली का येतो. झाडाची तब्येत पाहीन, मंग पुढचं बोलू."

मी स्वयंपाकघरात जाऊन परात आपटली. "सून पाह्यले आले का माळी?"

इंदूने माझ्या तोंडावर हात ठेवला. "वहिनी, हळू बोल नं! त्यायनं स्वतःचा पेला स्वतः उचलून आत आणून ठेवला."

"कोणी? बापूजीनं?"

"नाई..." आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. मग मला कळलं. हे लग्न जमायलाच हवं होतं!

बाहेर बापूजींचं गूळपाणी अजून चाललंच होतं. अर्धा पेला प्यायले, अर्धा उरला. आमच्याकडे उरलेलं पाणी दारातून अंगणात भिरकावायची रीत, मग तिथून कोणी जात असो वा नसो. बापूजींनी मात्र तो पेला ऐटीत कुंडीत ओतला.

"अव माय! उष्टं पाणी झाडाले?" सासूबाई दचकल्या.

"झाडाले उष्टं-बिष्टं नसते, बाई. उरलं पाणी वाया काऊन घालवाचं? कुंडीत टाकाचं! ध्यानात ठेवा."

सासूबाईंनी ध्यानात ठेवलं. इतकं की फरशी खराब होऊ नये म्हणून कुंडीखाली आपल्या माहेरची खोल पितळी परात सरकवली. मी मात्र इंदूला बजावलं, "आठ दिवसांतून एकदा, लोटाभर पाणी. जास्त नाई." आणि ती त्याप्रमाणेच घाली. एक थेंब जास्त नाही!

संक्रांतीच्या सुमाराला खालचं पान पिवळं पडलं.

"नत्र कमी!" मी लगेच सांगितलं. यात विचार करण्यासारखं काय होतं? जवसाची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून तिचं पाणी घातलं. बैठकीत असा वास सुटला, की हे फलाटावर जाऊन जेवले. दुसरं पान पिवळं पडलं. तिसरं गळालं!

आणि बातमी फुटली. सिंदेवाहीचं झाड आजारी आहे, इंदूचं लग्न पानावर लटकलंय, हे स्टेशनात, बाजारात, चांदा फोर्टपर्यंत पोचलं. लोक भेटायला येऊ लागले, माणूस अंथरुणाला खिळल्यावर येतात तसे! चपला काढत, आवाज खाली करत.

"कसं हाय आता?" मालधक्क्यावरच्या बाबूंच्या बायको शकुबाई पायरीवरूनच विचारत.

"रात्री एक पान गेलं."

"अरेरे! जेवते का काई?"

"झाड हाय ते, शकुबाई! जेवनार कसं?"

"तसं नाई वो, खत-बित." मग गूळपाणी, दोन उसासे, आणि जाता जाता झाडाच्या पानावरून हात. शकुबाईंनी एकदा हळूच विचारलं, "याच्या फांदीतून खोडरबर निघते का जी? पोराले पाह्यजे होतं." मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पोराची शाळाच बदलली असेल.

जंगलातून चारोळी विकायला येणारी मंगली दारात बसून झाडाकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, ही काहीतरी मर्म सांगणार. ती म्हणाली, "त्याले करमत नाई. एकटं हाय. एक बकरी बांधा जवळ." बकरी! बैठकीत!

सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी झाडाची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या. मीठही चुलीत टाकतात. त्यांनी ते कुंडीत टाकलं! म्हणे, "त्याची नजर त्याच्याच पायाशी जिरू दे."

"मीठ झाडाले मारते!" मी ओरडले.

"तुले त जसं सगडंच समजते! ढेप कोनं घातली व?"

आता नवीन पानंही फिकट. मधली जागा पिवळी, शिरा हिरव्या. लोह! मी रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन मुखरूला सांगितलं, "मुखरूभाऊ, दोन गंजके खिळे आणून द्या जी. कुंडीत खुपसायचेत."

माझ्या मनात चपलेचे खिळे. मुखरू पडला रेल्वेचा माणूस! त्याने रुळाचे खिळे आणले, एकेक मनगटाएवढा, आणि कुंडीत ठोकूनही दिले. झाड असं दिसू लागलं, की जणू ते सुटून पळेल म्हणून कोणी रुळांना जखडून ठेवलंय! संध्याकाळी हे घरी आले, कुंडी पाहिली आणि खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"सरकारी माल! माझ्या बैठकीत! वर साहेबाले कळलं त मी जाईन ना घरी!"

"घरीच त बसले तुम्ही!"

खिळे उपटताना मुळं तुटली. मग पानांच्या कडा करपल्या. पालाश! लाकडाची राख हवी होती. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या पोचूने निरोप अर्धाच ऐकला आणि इंजिनातली दगडी कोळशाची राख घमेलंभर आणून, मी परसात असताना, कुंडीवर पालथी करून गेला. ती अजून कोमट होती! रबराचं झाड बॉम्बस्फोटातून वाचल्यासारखं काळंठिक्कर झालं. इंदू एकेक पान ओल्या फडक्याने पुसत बसली. पुसता पुसता तिच्या डोळ्यांचं पाणी पानावर पडत होतं.

"वहिनी, याले नेमकं काय कमी हाय?"

हा प्रश्न मला! पाढ्यांच्या आधी हे पाठ असलेल्या बाईला! नत्र दिलं, लोह दिलं, पालाश दिलं. आता द्यायचं काय उरलं होतं? हुंडा?

"काई कमी नाई," मी तिरमिरून म्हटलं. "झाडच खोटारडं हाय!"

होळी झाली. बापूजी आणि पुंडलिक आले. बैठकीत पाहुण्यांबरोबर अर्धं नागभीड दाटीने बसलेलं. शकुबाई, मुखरू, पोचू, गाडीला टाइम असलेले दोन मामा. झाडाच्या शेंड्याला तेवढी दोन-चार पानं उरली होती, तीही मान टाकलेली. इंदू पदर ओढून भिंतीशी उभी. पुंडलिक झाडाकडे न पाहता तिच्याकडे पाहत होता. बापूजी मात्र फक्त झाडाकडे.

"हे काय झालं?" ते म्हणाले.

मी पुढे झाले. नत्राची लक्षणं, लोहाची लक्षणं, पालाशाची लक्षणं, सगळं क्रमाने सांगितलं. बापूजींनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक आलं! मी सासूबाईंकडे विजयी नजरेने पाहिलं. आणि तेवढ्यात कुंडीतून आवाज आला.

"डराँव!"

ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! राखेच्या चिखलातून एक हिरवागार, खाऊनपिऊन सुखी असलेला बेडूक वर आला, त्याने मंडळींकडे पाहिलं आणि टुणकन बापूजींच्या मांडीवर उडी मारली!

पळापळ झाली. मामा खाटेवर चढले. बेडूक दारातून गेला. बापूजींनी कुंडीत बोट घातलं, ते कोपरापर्यंत... बरं, मनगटापर्यंत आत गेलं. मग परात ओढली. परातीत पाणी हिंदकळत होतं, विहिरीसारखं!

"याले काईच कमी नाई!" ते गरजले. "पाणी जास्त झालं! मुळं सडली! कोनं ओतलं एवढं पाणी?"

"मी नाई!" इंदू म्हणाली. "आठ दिवसांतून लोटाभर."

"मी त कधीच घातलं नाई," शकुबाई म्हणाल्या. "फक्त प्यायल्यावर जे उरे, तेवढं."

मी त्यांच्याकडे वळले. "रोज?"

"रोज भेटाले येवो न मी! आजारी होतं बिचारं!"

"मी बी उरलेलंच," मुखरू म्हणाला. "मी बी जी," पोचू. "आम्ही दोन्ही गाड्याच्या मधात," मामा खाटेवरून. सासूबाईंनी परातीकडे पाहिलं. त्या पेले विसळत, ते पाणी कुठे जाई, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

माझा संताप अनावर झाला. झाड जितकं आजारी, तितकी माणसं भेटायला. जितकी माणसं, तितकं गूळपाणी. आणि सगळ्यांचे अर्धे पेले त्या बिचाऱ्याच्या घशात! माझ्या डोळ्यांदेखत! "अंगण मेलं होतं का?" मी ओरडले. "कुंडीत टाका म्हणून तुमाले सांगतलं कोनं?"

एकेक मान हळूहळू वळली, ती बापूजींवर येऊन थांबली.

बापूजी लाल झाले. मिश्यांची टोकं थरथरली. गेलं! मला वाटलं, गेलं स्थळ! खोडरबरासकट गेलं! आमच्या ह्यांनी डोक्याला हात लावला.

"पाणी द्या जरा," बापूजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

सासूबाईंनी पेला दिला. बापूजी अर्धा प्यायले. घाम पुसला. आणि मग, देवाशपथ सांगते, बोलता बोलता, "झाडाचं पाह्यलं पाह्यजे, अति पाणी म्हंजे..." असं म्हणत त्यांचा हात आपोआप कुंडीकडे गेला आणि पेला तिरपा झाला!

इंदूचा तळहात मध्ये आला. सगळं पाणी तिच्या हातावरून, बांगड्यांवरून, लुगड्यावर ओघळलं. हात तिने हलवला नाही.

"बापूजी, पुरे," ती म्हणाली. "त्याचं पोट भरलं जी."

चार महिन्यांत पाहुण्यांसमोर बोललेलं तिचं ते सगळ्यात मोठं वाक्य. पुंडलिक खो खो हसत सुटला. बापूजींनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं, कुंडीकडे पाहिलं, आणि तेही हसू लागले, पोट धरून, डोळे पुसत.

"माह्या घरात तीस वर्षांत मले कोनं असं थांबवलं नाई," ते म्हणाले. "हे पोरगी मले पाह्यजे!"

वैशाखात लग्न झालं. झाडाची मुळं छाटून, नवी माती घालून बापूजींनी ते सिंदेवाहीला परत नेलं आणि तिथे ते वाढत वाढत छपराला टेकलं. आणि सगळीकडे सांगत काय सुटले? "आमच्या सुनेले झाडाची लय समज!" सुनेला! आणि मी? पानावरून नत्र, लोह, पालाश ओळखणारी मी? माझं नाव कोणी काढलं नाही. वास्तविक माझं निदान एकही चुकलं नव्हतं. पान पिवळं होतं का? होतं! मग?

परवा इंदू माझ्याकडे राहायला आली. आता दोघींचीही हाडं वाजतात. माझ्या बैठकीत सूनबाईने रबराचंच झाड ठेवलंय, त्याचं खालचं पान पिवळं पडलेलं.

"नत्र कमी," मी लगेच सांगितलं.

इंदू आजही कमीच बोलते. ती उठली, कुंडीपाशी आली, आणि माझ्या हातातला अर्धा पेला हळूच काढून घेतला.